बाभळीला हात लावून ये

माझं माहेर येरमाळ्याकडलं आन् सासर कळंबच्या अलीकडं. आमच्या लोकांनी धम्माची दीक्षा घेतली तवा मी लहान व्हते. वस्तीत सगळे म्हणायचे, पोरं शिकवा, पोरी बी शिकवा, ते मनात घट्ट बसलं व्हतं. पर मला सोताला वाचता येत न्हाय, अंगठाच हाय माझा.

लेक झाली, सुमन. काय सांगू ताई तुमाला, ते लेकरू एका जागी बसायचंच न्हाय. जेवता जेवता उठायचं, सांगितलेलं ध्यानात ऱ्हायचं न्हाय, चप्पल एकीकडं, ताटली एकीकडं. सासू म्हणली बाहेरचं हाय, गंडा बांधला, अंगारा लावला. मालकानं मारलं. म्या बी मारलं, खोटं कशाला बोलू.

बहात्तरचा दुष्काळ पडला आन् आमी खडी फोडायला लागलो. बाकीची लेकरं कामावर मिळायची ती सुकडी खाऊन सावलीत बसायची, ही सडकंवर पळायची, तिथं डंपर. म्हून म्या लुगड्याच्या चिंधीनं तिचा पाय बाभळीला बांधला. वढून वढून घोट्याचं कातडं गेलं तिच्या. ते बघून सोडलं आन् म्हणलं, धा खडे टाक खडीच्या पाटीत, मग पळत जा, बाभळीला हात लावून ये, परत धा टाक. शाब्बास म्हणलं की हसायची. दिवसभर केलं ताई तिनं, दिवसभर.

मग शाळंत घातली. गुरुजी म्हातारे व्हते, त्यांना म्या हे सांगितलं, ते हसले न्हाईत. तिला म्होरं बसवलं, एक वळ वाचायची की उठून फळा पुसायचा, परत एक वळ. पाणी आणायला धाडलं असतं, पर रांजणाला आमच्या लेकराचा हात तवा कोण लावू देतंय. घरी बी आमचं तसंच, एक अक्षर काढायचं, अंगणाला चक्कर मारायची, दुसरं काढायचं. जोडाक्षरापतूर आली व्हती माझी सुमन.

त्या गुरुजींची बदली झाली. नवीन आले ते तरणे, कडक इस्त्रीचे. मला बोलवून घेतलं आन् म्हणले, बाई, पळायची खोड तुमीच लावली पोरीला, गच्च बसवायला शिका, न्हायतर वाया जाईल. शिकलेला माणूस ताई. म्या आडाणी, मला वाटलं त्येंचंच खरं आसंल. माझ्या डोळ्यांनी बघितलेलं म्या खोटं धरलं. त्या दिवसापून घरात पळणं बंद, उठली की छडी. वर्साच्या आत पाटी सुटली, मग शाळा सुटली, मग दुसऱ्याच्या रानात खुरपं आन् पंधराव्या वर्साला लग्न. सगळं इसरली ती, आता सही तेवढी येती.

औंदा तिच्या नातीला लातूरला नेलं, तिचं बी तसंच. मी बी संगं गेले व्हते. डॉक्टरीण बाई म्हणल्या, ह्याला नाव हाय, एवढ्यात गोळी नगं. थोडं थोडं काम द्या, मधी उठू द्या, पळू द्या, केलं की शाब्बास म्हणा. सुमन माझ्याकडं बघत ऱ्हायली. स्टँडवर येऊन म्हणली, माय, मला जमत व्हतं की गं, तू का थांबलीस? मी म्हणलं, गुरुजी म्हणले म्हून. ती व्हय म्हणली आन् गाडीची पाटी काय हाय ते दुसऱ्याला इचारायला गेली.

पोरगी शिकंल, माझा आशीर्वाद हाय तिला. रोज सांजंला सुमन तिला घिऊन बसती. पोरगी एक वळ वाचती, पळून येती, दुसरी वाचती. सुमन शाब्बास म्हणती. बरोबर वाचलं का चूक, ते तिला कळत न्हाय, मला बी कळत न्हाय. आमी दोघी नुसत्या ऐकत बसतो.