पंचनाम्यातल्या दोनशे बारा

आमोद : दीडशे लिहिलं होतं काका त्यांनी. 'अंदाजे दीडशे सीडी.' तुम्ही त्याचं दोनशे बारा केलंत.

श्यामसुंदर : दोनशे बारा होत्या म्हणून दोनशे बारा केलं. अंदाज पावसाचा करतात, पंचनाम्याचा नाही.

आमोद : तीन वेळा मोजायला लावल्यात. तो हवालदार वैतागला होता. म्हणाला, आजोबा, माझं जेवायचं राहिलंय.

श्यामसुंदर : मग? बत्तीस वर्षं नोंदणी कार्यालयात काढली मी. समोरचा उपाशी आहे म्हणून दस्तातला एकही आकडा कधी सोडला नाही.

मंदाकिनी : आमोद, तू आधी बस बघू. सकाळपासून दोनदा जिन्यापर्यंत येऊन परत गेलास, गॅलरीतून पाहिलं मी. पोहे टाकू का?

आमोद : नको काकू. काका, उद्या अकरा वाजता शिवाजीनगर कोर्टात तुमची साक्ष आहे.

श्यामसुंदर : समन्स मला आलंय. तारीख वाचता येते मला.

आमोद : दुसऱ्या पंचाची गेल्या तारखेला झाली. मच्छिंद्र इस्त्रीवाल्याची. तो म्हणाला, पोलिसांनी कागद पुढे केला, मी सही ठोकली, आत काय लिहिलंय मला माहीत नाही. दोन मिनिटांत मोकळा झाला.

श्यामसुंदर : फितूर झाला म्हण.

आमोद : झाला. पण सगळे पंच तेच करतात हो! माझे वकील म्हणाले, असल्या केसमध्ये पंचनामा इतका ढिसाळ असतो की पंच उडाला की केस उडाली. तुमचा पंचनामा वाचून कपाळाला हात लावला त्यांनी. प्रत्येक सीडीवरचं नाव, कव्हर झेरॉक्सचं की छापील, कॉम्प्युटरवर त्या वेळी कुठली गेम कॉपी होत होती, किती टक्के झाली होती... ते टक्के कशाला लिहायला लावलेत काका?

श्यामसुंदर : पडद्यावर दिसत होते. चौसष्ट.

मंदाकिनी : अहो, काय हे!

श्यामसुंदर : काय म्हणजे? चोरी होती ती. कुणीतरी वर्षानुवर्षं खपून तो खेळ तयार केला, बाराशेला विकायला ठेवला, आणि हे चिरंजीव तोच साठ रुपयांना विकत होते. वर दुकानात पाटी, 'ओरिजिनलसारखीच चालते, खात्री करून घ्यावी.' चोरीची खात्री देणारा दुकानदार मी पहिल्यांदाच पाहिला.

आमोद : चुकलं. मान्य आहे. पण खरं सांगू? छापा पडेपर्यंत चोरी वाटलीच नव्हती. बाबांचं कॅसेटचं दुकान बसलं, ते गेले, मग मी एक सेकंडहॅण्ड कॉम्प्युटर घेतला, सीडी कॉपी करायचा रायटर टाकला. अख्खी पेठ यायची. डॉक्टर यायचे, कॉलेजचे सर यायचे. पोलिसांची पोरंसुद्धा न्यायची. बाराशे रुपये कोण देणार होतं इथं? आणि घेणाऱ्यांना कधी कुणी विचारलं का, की...

श्यामसुंदर : ते राहू दे. मुद्द्याचं बोल.

आमोद : मुद्दा एकच आहे. धंद्यासाठी नकला विकल्या हे सिद्ध झालं, तर कमीत कमी सहा महिने आत. कमीत कमी, काका! दंड पन्नास हजारांपासून पुढे. दुकान तर गेलंच. हिंजवडीला टेस्टिंगचा जॉब मिळतोय. मी केस लपवली नाही, इंटरव्ह्यूमध्येच सांगून टाकली. ते म्हणाले, निकाल लागू दे, सुटलास की ये. दीड वर्ष नुसत्या तारखा चालल्यात. आई रात्री उठून मी घरात आहे का बघून जाते. तुम्ही उद्या एवढंच म्हणा ना, की चष्मा नव्हता, वाचलं नाही.

श्यामसुंदर : चष्मा होता. चष्म्याशिवाय मी जिना उतरत नाही.

आमोद : ते कोर्टाला कुठं माहीत आहे?

श्यामसुंदर : मला आहे. हे बघ, तुझ्या आईसाठी जीव तुटतो माझा. दंडाला हातभार लावीन. पण शपथ घेऊन खोटं बोलणार नाही. आयुष्यात तेवढी एकच गोष्ट मी नीट केलीय.

मंदाकिनी : मला एक सांगा. तुम्ही त्या दुपारी खाली गेला होतात कशाला? भर उन्हात?

श्यामसुंदर : दूध आणायला. शंभरदा सांगितलंय.

मंदाकिनी : दूध मी सकाळीच आणलं होतं. ते उतू गेलं आणि त्यावरून तुम्ही मला चार शब्द ऐकवलेत. मला चांगलं आठवतंय.

श्यामसुंदर : मग भाजी आणायला गेलो असेन.

मंदाकिनी : भाजी! लग्नाला चाळीस वर्षं होतील, एक जुडी आणली नाहीत. हातात कापडी पिशवी होती तुमच्या. परत आल्यावर मी मागितली तर दिली नाहीत, तशीच घेऊन खोलीत गेलात. आमोद, काय होतं रे त्या पिशवीत?

आमोद : काही नव्हतं काकू.

मंदाकिनी : माझ्याकडे बघून सांग.

आमोद : खरंच रिकामी होती. काका रस्त्यानं चालले होते, इन्स्पेक्टरनं हाक मारून बोलावून घेतलं. दुकानात ते आलेच नव्हते.

मंदाकिनी : ऐकलंत का? रिकामी होती म्हणे.

श्यामसुंदर : आमोद, वकिलांना काय सांगितलंयस तू? माझ्याबद्दल.

आमोद : हेच. रस्त्यानं चालले होते.

श्यामसुंदर : दीड वर्षात एकदाही बोलला नाहीस?

आमोद : नाही.

श्यामसुंदर : आणि आत्ताही नाही. मी इथं खुर्चीत रेलून तुला सत्य शिकवतोय, आणि तू माझ्या देखत माझ्या बायकोशी खोटं बोलतोयस. माझ्यासाठी.

आमोद : सोडा ना काका. मी निघतो.

मंदाकिनी : कुणी कुठं निघायचं नाही. तुम्ही सांगताय, की मी आणू?

श्यामसुंदर : काय आणणार आहेस तू?

मंदाकिनी : थांबा.

(मंदाकिनी आतून पेन्शनची जाडजूड फाइल घेऊन येते, तिच्यातून एक सीडी काढते आणि टेबलावर ठेवते.)

मंदाकिनी : हयातीच्या दाखल्यामागं लपवली होतीत. आपली पोर स्पृहा बंगळूरला गेली, तिचा कॉम्प्युटर इथं राहिला, तेव्हापासून रोज दुपारी दार लावून बसायचात. म्हणे सोसायटीची पत्रं टाइप करतोय. सोसायटीच्या पत्रात 'आउट, आउट' असं कोण ओरडतं हो?

आमोद : क्रिकेटची गेम आहे काकू. माझ्याकडचीच. साठ रुपयांची.

श्यामसुंदर : चाळीस. घासाघीस केली होती मी.

मंदाकिनी : शाबास!

श्यामसुंदर : शेवटच्या षटकात अडकायची. बदलून घ्यायला गेलो होतो. पिशवीतून तबकडी काढणार, तेवढ्यात मागून पोलीस आत. इन्स्पेक्टर म्हणाला, आजोबा, तुम्ही सज्जन दिसता, पंच म्हणून थांबा. सज्जन! आणि पिशवी माझ्या हातात, मंदा. वाटलं, आता हे पिशवी उघडणार. बत्तीस वर्षं कुणाचा चहा प्यायलो नाही, आणि चाळीस रुपयांच्या तबकडीपायी पेठेत बोभाटा होणार. म्हणून मोजायला लावलं. एकदा, दोनदा, तीनदा. सगळ्यांच्या नजरा टेबलावर राहायला हव्या होत्या. ते टक्केसुद्धा त्यासाठीच. लोक काटेकोर, काटेकोर म्हणून कौतुक करतात, आणि मला जेवण जात नाही. नुसती भीती होती ती.

मंदाकिनी : आणि तुमची भीती या पोराच्या मानेवर बसली.

श्यामसुंदर : हो.

आमोद : मी बघितलं होतं काका. एका हातानं मोजत होतात, दुसऱ्या हातानं पिशवी पोटाशी धरली होतीत.

श्यामसुंदर : मग तेव्हाच ओरडून सांगायचंस की!

आमोद : काय सांगायचं? मी अडकलोच होतो. बाबा गेले तेव्हा विम्यापासून माझ्या कॉलेजपर्यंतचे सगळे फॉर्म तुम्ही भरलेत, याच टेबलावर. तुम्हाला कसं ओढायचं त्यात?

श्यामसुंदर : आता ओढ. आज संध्याकाळी वकिलांकडं जा आणि सगळं सांग. उद्या उलटतपासणीत त्यांनी मला सरळ विचारावं, तुम्ही या दुकानाचे गिऱ्हाईक होतात का. पंच त्रयस्थ लागतो, मी गिऱ्हाईक निघालो. पंचनामा पुरा लागतो, माझा अपुरा आहे, आणि तो मीच अपुरा ठेवला. यातलं काहीही खोटं नाही. शपथेवर सांगता येईल.

आमोद : वेडेपणा करू नका. तुमच्यावर उलटेल ते. सरकारी वकील सोलून काढतील, पोलीस विचारतील माल का लपवला. कदाचित केस होईल तुमच्यावर. आणि एवढं करून मी सुटेनच असं नाही.

श्यामसुंदर : सुटशील असं मी म्हटलंच नाही. तू नकला विकल्यास, त्याचं काय करायचं ते न्यायाधीश बघतील. पण ते ज्या कागदाकडे बघून ठरवणार आहेत, तो धुतल्या तांदळासारखा नाही. हे त्यांना कळायला नको?

आमोद : काकू, तुम्ही तरी सांगा. लोक हसतील यांना.

मंदाकिनी : हसतील की. महिनाभर हसतील, मग कंटाळतील. मी इतके दिवस काय केलं असेल? छापा पडला त्या दिवसापासून खोलीतून आवाज यायचा बंद झाला. तेव्हाच समजले, काहीतरी टोचतंय. रोज वाट बघितली, आज बोलतील, उद्या बोलतील. राग आला होता मला. अजूनही आहे. पण चला, आमोद, तू वकील हो. विचार यांना.

आमोद : मला नाही जमणार.

मंदाकिनी : विचार म्हणते ना! उद्या तिथं यांची दातखीळ बसली तर?

आमोद : बरं. तुमचं... तुमचं नाव?

श्यामसुंदर : माहीत आहे तुला. पुढं.

आमोद : पंचनाम्यावरची सही तुमचीच आहे?

श्यामसुंदर : माझीच.

आमोद : वाचून केलीत?

श्यामसुंदर : अक्षरन् अक्षर वाचून.

आमोद : त्यात लिहिलंय ते सगळं खरं आहे?

श्यामसुंदर : लिहिलेलं खरं आहे. पण म्हणजे, त्याचं असं झालं की त्या दुपारी मी जरा...

मंदाकिनी : मान वर करा. आणि गोष्ट नका सांगू, आकडा सांगा. आकडा सांगताना तुमचा आवाज कापत नाही.

आमोद : काका, किती सीडी होत्या दुकानात?

श्यामसुंदर : दोनशे तेरा, साहेब.