भिंतीकडे तोंड केलेले संत

—अहो नाही हो प्रोफेसरसाहेब, तुम्ही चुकलात असं मी कुठं म्हणते? बसा आधी, चष्म्याशिवाय उगाच धडपडाल. संतांना वेठीला धरू नका, ते काही तुमचे नोकर नव्हेत, असं सकाळी भाषणात म्हणालात — पटलं मला! पहिल्या बाकावरून मान डोलावली की! पण तुम्ही गेलात, चष्मा विसरलात, तुमचा फोन आला, सगळं चर्च पालथं घातलं, फादर बिचारे बाकांखाली रांगले — काही नाही. मग आले या कपड्यांच्या खोलीत नि हरवलेलं शोधून देणाऱ्या या संत अंतोनींना दटावलं, साहेबांचा चष्मा द्या मुकाट्यानं. आणि हा बघा! वेदीच्या चादरीत गुंडाळलेला, भिजवणारच होते मी. घाला. आमच्यात सगळेच करतात हो — वस्तू हरवली की संतांचं तोंड भिंतीकडं, सापडली की परत आपल्याकडं.

काय? चष्मा मिळाला, मग मूर्ती अजून पाठमोरी का? दिसायला लागलं वाटतं लगेच! तसं काही नाही, नाक फुटलंय त्यांचं, बरं दिसत नाही. फादरांना तेच सांगितलंय. त्यांच्या आधीच्या फादरांनाही. त्यांच्या आधीच्यांनाही — हो, चोवीस वर्षं झाली.

आता विचारताच आहात तर — लेक होती मला. श्वासच घेतला नाही तिनं, बाप्तिस्मा कुठून द्यायचा? तेव्हाचे मोठे फादर म्हणाले, बाप्तिस्म्याविना गेलेली बाळं स्वर्गात नाही, नरकात नाही, मधे असतात, लिंबोत. मधे! म्हणजे कुणाच्या कडेवर हो? त्यांच्याशी काय भांडणार? इथं आले, संतांना म्हटलं, जगाच्या किल्ल्या शोधता ना, माझी पोर शोधा, तोवर तोंड दाखवू नका. आणि आज तुम्ही सांगता, लिंबो ही श्रद्धेची गोष्ट कधी नव्हतीच, जुन्या विद्वानांचा आपला अंदाज होता! — आणि घोटभर पाणी पिऊन पुढच्या मुद्द्यावर! अहो, तुमच्या अंदाजापायी यांनी चोवीस वर्षं भिंत बघितली! पण ती देवाजवळ असेल अशी आशा आहे म्हणालात. आशा. बरं. मला तेवढी पुरे.

डोळे कशाला पुसताय? उठा, तिकडून धरा, मला एकटीला पेलत नाहीत आता. हळू... अजून जरा...

अगं बाई! नाक तर धड आहे की हो! सांगून सांगून माझाच विश्वास बसला होता.

...

जा तुम्ही आता. दार ओढून घ्या.