मनोहररावांच्या गाडीतला न लागणारा दिवा

आंजी गावची मंडळी, बाहेरगावाहून आलेले पाहुणे, आणि समोर बसलेली माझी सून अर्चना,

उभा तर राहिलो, पण मनोहररावांच्या शोकसभेत कुठून सुरू करू ते कळत नाही. वर्ध्याला माझं कापडाचं दुकान आहे. गिऱ्हाइकापुढे माझं तोंड थांबत नाही. आज थांबून राह्यलं.

मनोहरराव माझे व्याही, आमच्या बोलीत इवाई. त्यांची अर्चना माझ्या नितीनला दिली. माझ्याआधी जे बोलले, त्यांनी त्यांना देवमाणूस म्हटलं. मी म्हणणार नाही. मनोहरराव संशयी होते. फार संशयी. बियाण्याच्या थैलीची शिवण पाहिल्याशिवाय थैली घेत नसत. पाहुण्याने दिलेला पेढासुद्धा आधी हुंगून पाहत. हसू नका मंडळी... बरं, हसा. त्यांनाही चाललं असतं.

पण हा संशय एकदा माझ्यावर आला, तेव्हा मला हसू आलं नव्हतं.

माझ्याकडे एका परदेशी कंपनीची मोठी गाडी होती. नितीन ती चालवायचा, तोच गॅरेजात न्यायचा. मला त्यातलं काही कळत नाही. मनोहररावांना मोठी गाडी हवी होती, म्हणून ती मी त्यांना विकली. घेताना ते गाडीभोवती फिरले, खाली वाकले, सायलेन्सरला नाक लावलं. "इवाई, गाडी सुरू केली की वास येऊन राह्यला पेट्रोलचा," म्हणाले. मी म्हटलं, जुनी गाडी आहे, येणारच. ते नुसतं "हं" म्हणाले.

मग तो उन्हाळा आला. अर्चना बाळाला घेऊन माहेरी आली होती. मनोहरराव तिला आणि विहीणबाईंना घेऊन केळझरला गणपतीच्या दर्शनाला गेले. येताना गाडी हिसके देऊ लागली, म्हणून त्यांनी ती रस्त्याच्या कडेला घेतली. कडेला वाळलेलं गवत होतं. गाडीखालून धूर आला, आणि पाहता पाहता गवत पेटलं. अर्चना बाळाला पोटाशी धरून रस्त्यापलीकडे पळाली. विहीणबाईंना मनोहररावांनी अक्षरशः ओढून काढलं. शेतातली माणसं माती टाकत धावली. आग विझली. कोणाला काही झालं नाही. पण होऊ शकलं असतं, मंडळी. माझा नातू त्या गाडीत होता.

दुसऱ्या दिवशी सगळे म्हणाले, नशीब. मनोहरराव म्हणाले नाहीत. ते गाडीत जाऊन बसले. चाबी फिरवायचे, बंद करायचे. पुन्हा फिरवायचे. चाबी फिरवली की स्टिअरिंगसमोरचे सगळे छोटे दिवे एकदा लागतात आणि मग विझतात. इंजिनातला बिघाड दाखवणारा पिवळा दिवा तेवढा लागत नव्हता. कधीच लागत नव्हता. त्यांनी वायरमनकडून समोरचा डबा उघडून घेतला. त्या दिव्यावर आतून काळ्या टेपचा तुकडा चिकटवलेला होता.

बाळाच्या वाढदिवसाला ते माझ्या घरी आले. घर भरलेलं. तो टेपचा तुकडा त्यांनी माझ्यापुढे धरला आणि साऱ्यांदेखत विचारलं, "इवाई, हे तुमाले माहीत होतं का?"

मी म्हटलं, "तुम्ही मले चोर समजता काय?"

"समजत नाई. विचारून राह्यलो."

सांगा, काय वाटलं असेल मला? मी जेवणाच्या पानावरून उठलो. आणि आता माझ्याही मनात संशय आला. वाटलं, या माणसानेच टेप लावली आणि आता गाडी परत करायला पाहतो. त्यानंतर दुकानात कोणी हळू आवाजात बोललं, तरी वाटायचं, माझंच चाललंय. सूनबाई चहा आणून द्यायची, तर मी तिच्या तोंडाकडे पाहायचो. बापाने हिला काय सांगितलं असेल?

शेवटी मनोहररावच आले. म्हणाले, "चाला. जिथं गाडी दुरुस्त होत होती, तिथं जाऊ. दोघंही जाऊ." आम्ही नागपूरला निघालो. एकमेकांवर नजर ठेवून होतो, बस्स.

गॅरेजवाल्याने आधी टाळलं. मनोहरराव स्टुलावर बसून राहिले. मग तो बोलला. या गाडीत एक हवेचा पंप असतो. थंड इंजिन सुरू झालं की तो थोडा वेळ सायलेन्सरच्या पाइपात हवा फुंकतो, म्हणजे उरलेलं पेट्रोल जळून जातं. तो पंप बिघडला होता, नवीन मिळत नव्हता. म्हणून पंप काढला आणि पाइपाला झाकण लावलं. पण मग पिवळा दिवा पेटायचा, काही केल्या विझेना. म्हणून टेप. "दिवा दिसू नाई, एवढंच सांगितलं होतं आम्हाले," तो म्हणाला. पुढे एक प्लग निकामी झाला, न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या खालच्या डब्यात जाऊन तो तापून लाल झाला, त्यानंच गवत पेटलं. दिवा तेव्हाही पेटला असणार. पाहणार कोण?

मी विचारलं, "सांगितलं कोणी?"

तो म्हणाला, "तुमच्याच पोरानं, काका. गाडी विकायची होती म्हणे."

नितीन इथे बसला आहे. त्याला विचारूनच मी हे सांगतोय.

मी मनोहररावांकडे पाहिलं. वाटलं, आता हा माणूस पोरीला घरी घेऊन जाणार. मी असतो तर नेलं असतं. बाहेर आल्यावर मनोहरराव म्हणाले, "इवाई, पोराले मारू नका. मी बोलतो त्याच्याशी."

ते बोलले. अर्चनेला समोर बसवून बोलले. "जावईबुवा, पंप मी कुठूनही आणतो. पण माह्या पोरीपासून काही झाकू नका. बिघडलं त बिघडलं म्हणा." नितीन रडला. मनोहररावांनी त्याला रडू दिलं.

आणि मग, मंडळी, त्यांनी माझ्या घरी त्याच साऱ्या लोकांना पुन्हा जेवायला बोलवायला लावलं. पंगतीत उभे राहिले आणि म्हणाले, "मी इवाईवर शक घेतला. इवाई खरे निघाले. ज्याईनं तवा ऐकलं, त्याईनं आताही ऐका." जावयाचं नाव त्यांनी घेतलं नाही. मग माझ्या शेजारी बसून माझ्याच पानात जेवले.

संशय पुष्कळ जण घेतात. पाठीमागे बोलतात, वर्षानुवर्षं मनात ठेवतात. हा माणूस समोर येऊन विचारायचा. चुकला तर तेवढ्याच मोठ्याने सांगायचा. आता मला तोंडावर कोण विचारणार? हा प्रश्न मला रोज पडतो.

इवाई, तुमच्याशी भांडायला मजा यायची हो.

मंडळी, आता मनोहररावांसाठी जागेवर उभे राहा. थोडा वेळ कोणी काही बोलू नका.