साफ केलेला चेहरा

सुमनवहिनी, आणि निलंगा, मुरुड, पार नांदेडहून सकाळपासून एसटीनं भानूभाऊच्या शोकसभेला आलेल्या सगळ्यांनो,

बसून बोला म्हणाले मला. गुडघे दुखतात माझे, खरं आहे. पण भानूभाऊसमोर खुर्चीत बसायचं ते चेहऱ्याचं चित्र काढून घ्यायला. तेवढी माझी लायकी राहिलेली नाही, म्हणून उभा आहे. तरी आज बोलतो. आज बोललो नाही, तर पुन्हा बोलायला तोंड उरणार नाही.

माझ्याआधी चौघं बोलले. भानुदास येरमे म्हणजे केवढा मोठा चित्रकार, मुंबईला प्रदर्शन झालं, मोठमोठी माणसं त्याच्यासमोर ताटकळत बसली. सगळं खरं आहे. मुरुडला दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस तिथवर गेला. पण तो काम कसा करायचा, हे कुणी सांगितलं नाही. मी सांगतो, कारण मी जवळून बघितलंय.

फोटोवरून तो चेहरा कधीच काढायचा नाही. माणूस समोर बसला पाहिजे. पहिल्या दिवशी ब्रशला हातच लावायचा नाही, नुसता चहा आणि गप्पा. मग चेहरा निघायचा, पण अंगावरची खूण तेवढी कोरी ठेवायचा. चामखीळ असो, व्रण असो, तुटलेला दात असो. शेवटच्या दिवशी विचारायचा, ‘हे कशानं झालं?’ समोरच्यानं सांगितलं, की मगच ती खूण रंगवायचा. म्हणायचा, ‘खूण ऐकल्याबिगर मला काढताच येत न्हाई.’

माझी आई त्याच्यासमोर अकरा दिवस बसली. शिरूर अनंतपाळकडची बाई, जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबलेली. तिच्या डाव्या डोळ्यात फूल पडलेलं होतं, बुबुळावर पांढरा ठिपका. अकराव्या दिवशी भानूभाऊनं विचारलं, ‘मावशी, हे कशानं झालं?’

आई म्हणाली, ‘तुरी कापताना खुंट घुसला, बाबा. पोराची परीक्षा व्हती. त्याला सांगितलं न्हाई. दुसऱ्या दिशी परत तुरीलाच गेले.’

पोरगा म्हणजे मी. शेजारी बसलो होतो. अर्धं आयुष्य झालं होतं माझं, आणि मला हे ठाऊक नव्हतं.

भानूभाऊनं ते फूल रंगवलं. आईनं चित्र बघितलं, बोटानं चित्रातला गाल चाचपला आणि म्हणाली, ‘हाव, मीच हाय.’

इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं. थांबलो नाही. लातूरला माझं नवं घर झालं. माझ्या पाटबंधारे खात्यातले साहेब लोक येणार होते. मला वाटलं, बैठकीत आईचा डोळा तसा दिसायला नको. मी ते चित्र गुपचूप नांदेडला एका पेंटरकडे नेलं. म्हणालो, ‘एवढं फूल तेवढं पुसून टाका.’ अर्ध्या तासाचं काम होतं त्याला.

नव्या घरात बुद्धवंदना झाली. भानूभाऊ वहिनींना घेऊन आला. दारातून जयभीम म्हणाला. मला भेटला की नेहमी तोच आधी म्हणायचा. मग चित्रासमोर जाऊन उभा राहिला. तेवढ्यात आई आतून आली. चांगल्या डोळ्यानं तिनं चित्राकडं लई वेळ बघितलं आणि त्यालाच विचारलं, ‘भानू, ही कोणाची माय हाय रे?’

तो तिच्या पाया पडला आणि न जेवता निघून गेला. सात वर्षं, पार जाईपर्यंत, माझ्याशी बोलला नाही. आई गेली तेव्हा आला, तिच्या पायावर डोकं ठेवलं आणि माझ्याकडं न बघता परत गेला. मी म्हणायचो, एवढ्याशा ठिपक्यासाठी किती ताठा. चूक माझी होती, तरी रागही मलाच.

आता ह्या फ्लेक्सवरच्या त्याच्या फोटोकडं बघा. नीट बघा. तुम्ही सगळे त्याला ओळखत होता ना? ओठ बघा त्याचे. भानूभाऊच्या ओठावर कोड होतं. उजव्या हातावरही होतं. लहानपणी त्याची कपबशी लोक वेगळी ठेवायचे, हे त्यानंच मला हसत सांगितलेलं. त्यानं ते कधी झाकलं नाही. मग ह्या फोटोत कुठं गेलं ते?

मागं कुजबुज नको. वकीलसाहेब, उठू नका, मला बोलू द्या. फोटोवाल्याला दोष देऊ नका. हे मी केलं. फोटो पाठवताना मीच फोनवर म्हणालो, ‘ओठ जरा साफ करून टाका, चारचौघांत बरं दिसंल.’ सात वर्षांत मी एवढंच शिकलो.

सकाळी वहिनी फुलं घेऊन पुढं आल्या आणि हात तसाच धरून उभ्या राहिल्या. मला विचारलं, ‘भाऊजी, फुलं कोणाला वाहू?’

वहिनी, मला माफ करा असं मी म्हणणार नाही. ज्यानं माफ करायचं तो गेला. आईच्या डोळ्यातलं फूल परत काढणारा हातही त्याच्यासोबत गेला. ते चित्र घरात तसंच राहील आणि रोज मला दिसंल. ते मला भोगायचंच आहे.

पण हा फ्लेक्स मी आत्ता उतरवतोय. सोडा ती दोरी. वहिनींनी टॉवेलात गुंडाळून एक चित्र आणलंय. आरशात बघून त्यानं स्वतःचंच काढलेलं. मी ते अजून पाहिलेलं नाही. वहिनी, तुम्हीच ठेवा ते खुर्चीवर. तुमच्याच हातानं.

ठेवलं. हाच आहे तो.

आता दोन मिनिटं उभे राहू. हात जोडू, पण डोळे मिटायचे नाहीत कुणी. डोळे उघडे ठेवून त्या ओठांकडं बघायचं.

भानूभाऊ, जयभीम. आज मी आधी म्हणतोय.