गोजराबाईची रिकामी घागर

ऐका हो मंडळी! टाळ जरा खाली ठेवा. आणि मागच्या बायांनो, सुनांची गाऱ्हाणी घटकाभर पदरात बांधून ठेवा! मला एवढंच सांगा — शेजारचं घर कोरडं ठेवून देवाच्या डोक्यावर घागर ओतली, तर ती देवाला पोचते का? हं! नुसत्या माना डोलवू नका, बोला! नाही सांगता येत? मग ऐका.

एक गाव होतं. नाव सांगत नाही, उगाच अर्धे जण खाली बघतील! त्या गावच्या पाणी समितीचे अध्यक्ष त्र्यंबकतात्या. आधी मिशी दारातून आत यायची, मागनं तात्या! कुणाची पाणीपट्टी थकली की तात्या नळ काढून न्यायचे. “नियम म्हणजे नियम!” स्वतःच्या गोठ्यात मात्र दोन नळ. म्हशी दिवसातनं दोनदा आंघोळ करायच्या — काय सोवळ्याच्या म्हशी हो!

त्याच गावात गोजराबाई. नवरा गेलेला, पोट मजुरीवर. बांधावरनं पाय घसरला, मनगट मोडलं, चार महिने काम बंद. त्यातच लेक बाळंतपणाला आलेली. पट्टी भरायची कशानं? मोडक्या हातानं? नळ गेला! गोजराबाई तात्यांच्या दारात गेली. “तात्या, घरात बाळंतीण आहे हो. तान्ह्याची दुपटी कशानं धुऊ?”

तात्या मिशीत हसले. “नातवाला सांग, लवकर मोठा हो अन् पट्टी भर!”

हसलात? गावही असंच हसलं होतं!

चैत्र आला, महादेवाची यात्रा आली. गावाची रीत अशी — उंबऱ्यागणिक एक घागर देवाला. पाणी ज्याच्या त्याच्या घरचं, उसनं चालत नाही. एक उंबरा राहिला तरी अभिषेक अपुरा. अभिषेक अपुरा, तर नैवेद्य नाही. नैवेद्य नाही, तर गावात कुणाच्या तोंडात घास नाही! आणि ही रीत घातली कुणी? तात्यांच्याच पणजोबानं!

गुरवानं नावं पुकारायला सुरुवात केली. एकेक घागर ओतली जाते आहे. तात्या फेटा बांधून पुढे उभे, पण जीव सगळा पुरणपोळीत! सकाळपासून पोटात चहासुद्धा नाही. वास असा येतोय, की तात्यांना देवाच्या जागी पोळीच दिसायला लागली!

“गोजराबाई!” गुरव ओरडला.

गोजराबाई आली. पिंडीपुढं घागर पालथी केली. थेंब नाही!

“ही काय थट्टा?” तात्या गरजले.

“थट्टा कसली? तुम्ही माझ्या घरी जेवढं सोडता, तेवढंच आणलं.”

“अगं, शेजारणीची एक घागर घ्यायची!”

“नातवाची आंघोळ महिनाभर शेजारणीच्याच पाण्यावर चाललीय. माणसाला उसनं चालतं. देवाला चालेल का, ते गुरवाला विचारा.”

गुरवानं मान हलवली. “नाही चालत, तात्या.”

“मग हे घर वगळा!”

“वगळता येतं की,” गुरव म्हणाला. “घरात दिवा लावायला कुणी उरलं नसेल, तर. बेल उचला, पिंडीवर हात ठेवा अन् म्हणा — गोजराबाईचा उंबरा बुजला.”

मंडळी, तात्यांनी बेल उचलला हो! तोंडही उघडलं. तेवढ्यात बायांच्या घोळक्यात, लेकीच्या मांडीवर ते पोर रडलं! सगळा गाव तात्यांकडे बघतोय. जितं घर देवापुढं मेलं म्हणायचं? तात्यांनी पिंडीकडं नेलेला हात मागं घेतला.

“जोडा रे तिचा नळ!” ते पुटपुटले.

“थांबा,” गोजराबाई म्हणाली. “देवाच्या आंघोळीपुरता नळ नको मला. आज जोडाल, उद्या काढाल. हातात बेल आहेच, तर म्हणा — पट्टी जमेल तशी घेऊ, पण पिण्याचं पाणी कुणाच्याच घरचं तोडणार नाही.”

“गोजरे, फार बोलतेस!”

मागनं तात्यांचीच कारभारीण कडाडली, “म्हणा की हो! का पोरांना उपाशी मारता?”

म्हणाले! अख्ख्या गावानं ऐकलं.

नळ जोडला. पहिली घागर भरली. गुरवानं हात पुढं केले, तर गोजराबाई घागर घेऊन सरळ घरात! “ही बाळंतिणीची. देवाची दुसरी.” चूल पेटली, पाणी तापलं, पोर न्हालं, शेकलं, निजलं. आणि महादेव? बसला होता की निवांत! देवाला कसली घाई? घाई होती ती तात्यांना!

आता माझ्याकडे बघा. कीर्तनाला बसायच्या आधी तुम्ही हा पाण्यानं भरलेला तांब्या माझ्यापुढं ठेवलात. चांगलं केलंत. माझा घसाही सुकलाय. पण मला आधी सांगा — या गावात किती घरांचे नळ काढलेत? मोठ्यानं नावं घ्या! अध्यक्ष कोण आहेत? उठा, उभे राहा, लाजू नका! ते नळ जोडून माणूस परत येईपर्यंत मी या तांब्याला तोंड लावणार नाही. आणि आरतीही होणार नाही. बसा!