मष्णू चितारींच्या चित्रातले पाणी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या देवस्थान कमिटीचे प्रमुख श्री. मल्लाप्पाण्णा पाटील, बेळगावच्या छावणीतून सवड काढून आलेले सुभेदारसाहेब, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते जमादार मष्णू नागोजी चितारी, समोर बसलेल्या मातांनो, आक्कांनो, ग्रामस्थ बंधूंनो, आणि आज प्रथमच आमच्यासह एका सतरंजीवर बसलेल्या वेशीबाहेरच्या वस्तीतील मंडळींनो,

प्रारंभी मी, या गावचा पुराणिक, त्या जगन्नियंत्याला आणि ग्रामदैवताला वंदन करतो. नित्याप्रमाणे मान वर करून ते आज करवत नाही, हे देवाने समजून घ्यावे.

हा समारंभ देवळाच्या सभामंडपात व्हायचा होता. माझ्या आग्रहावरून तो शाळेच्या या पटांगणात होतो आहे. अध्यक्षांनी तो आग्रह मानला, त्याबद्दल त्यांचे आभार. आग्रहाचे कारण त्यांनी मला विचारले नाही. मला वाटते, ते त्यांना ठाऊक होते.

मष्णूराव उद्या सकाळी कोल्हापूरला जात आहेत. तिथल्या चित्रशाळेत ते मुलांना शिकवणार आहेत. अशा प्रसंगी सत्कारमूर्तीचे चरित्र सांगण्याचा प्रघात आहे, तो मीही पाळतो.

यांचे वडील नागोजी चितारी. पंचक्रोशीतले गणपती त्यांच्या हातचे, आणि नाटकवाल्यांचे पडदेही त्यांच्याच हातचे. मातीच्या मूर्तीचे डोळे रंगवून झाल्याखेरीज तिच्यापुढे दिवा लावायचा नाही, असा त्या घरचा नियम. अशा घरातला हा मुलगा पहिल्या महायुद्धात पलटणीत भरती झाला आणि बसऱ्याच्या पुढे मेसोपोटेमियात गेला. तिथे कागद कुठून येणार? बिस्किटांच्या खोक्यांची झाकणे आणि चुलीतला कोळसा, यांवर त्यांनी माणसे काढायला आरंभ केला. पाण्याच्या पखालीला टेकून झोपलेली, पायातला काटा काढणारी, घरची आठवण येऊन उगाच बंदूक पुसत बसलेली.

एक प्रसंग स्वतः मष्णूरावांनी मला सांगितला आहे. एका गोऱ्या साहेबाने फर्मावले, "माझे चित्र काढ, घोड्यावर बसलेले." यांनी चित्र काढून दिले. साहेब लाल झाला. चित्रात साहेब खेचरावर होते. यांनी सलाम ठोकून सांगितले, "साहेब, घोडं परवाच मेलंय. आपण खेचरावर बसून आलतासा. म्या बघितलं ते काढलं." साहेब म्हणाला, "घोडा मनाने कल्पून काढ." यावर हे म्हणाले, "घोडं कल्पायचं तर मग साहेब बी कल्पूनच काढाय लागंल."

आपण हसलात, बरे वाटले. तो साहेबही शेवटी हसला, असे मष्णूराव सांगतात, आणि ते खेचराचे चित्र त्याने विलायतेला आपल्या आईकडे पाठवले. परक्या मुलखातल्या, परक्या धर्माच्या त्या माणसाला जे पचले, ते आपल्याला पचले नाही. आज मला बोलायचे आहे ते एवढेच.

पुढे हे बेळगावच्या किल्ल्यात नव्या रंगरुटांना नकाशे काढायला शिकवू लागले. दुसऱ्या महायुद्धात हुकूम आला की पलटणीसोबत जा आणि लढाई चित्रात उतरवा. वय उतरणीला लागलेले, तरी गेले. बंदूक पाठीवर, तक्ता हातात. गोळ्या सुटत असताना माणूस जमिनीला चिकटतो. यांना मान वर करून पाहावे लागे, कारण पाहिल्याशिवाय हे काढत नाहीत. ऋषींना आपण द्रष्टे म्हणतो, ते त्यांनी पाहिले म्हणून. मी जन्मभर पोथीतले पाहिलेले सांगत आलो. या माणसाने डोळ्यांनी पाहिलेले सांगितले. यांची चित्रे सरकारजमा झाली, काही दिल्लीला गेली, काही समुद्रापार. ती कुठे टांगली आहेत, कोण पाहते, हे त्यांनाही ठाऊक नाही. आपल्या गावाच्या वाट्याला त्यांचे एकच चित्र आले.

ते कसे आले, हे सर्वांना ठाऊक असले तरी सांगायला हवे. आपल्या गावचा शामू, गुणाबाईंचा एकुलता मुलगा, इटलीत एका नदीच्या काठी पडला. आपल्याकडे कुठूनही मरणाची वार्ता आली की बायकांचा पहिला प्रश्न एकच असतो. कसा गेला, कशाने गेला, हे मागाहून. आधी विचारतात, "तोंडात पाणी पडलं का?" घरी मरणाऱ्याला आपण तुळशीचे पान ठेवून पाणी पाजतो. परमुलखात कोण पाजणार? गुणाबाईंना या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही. तेव्हापासून रोज दिवेलागणीला त्या उंबऱ्यावर पाण्याचा तांब्या भरून ठेवीत. पोर तहानेले गेले असेल, वाट चुकून आले तर पिऊन जाईल, या भावनेने.

लढाई संपून मष्णूराव परतले, तेव्हा कमिटीने त्यांना विनंती केली की सभामंडपासाठी शामूचे एक चित्र काढून द्यावे. देवळासमोर जुना वीरगळ आहे, हातात तलवार घेतलेला वीर आहे, तशा थाटाचे काही अध्यक्षांच्या मनात असावे. मष्णूरावांनी याच शाळेच्या खोलीत, नाटकाच्या पडद्याच्या जाड कापडावर, सरसात कालवलेल्या रंगांनी ते काढले.

चित्रात शामू एका पडक्या भिंतीला टेकून बसला आहे. डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडे. त्याच्या मानेखाली एका माणसाने हात घातला आहे आणि दुसऱ्या हाताने तो त्याला टिनाच्या मगातून पाणी पाजतो आहे. हा माणूस आपल्याच गावचा यल्लाप्पा. वेशीबाहेरच्या वस्तीतला. पलटणीत जखमींचे स्ट्रेचर उचलायच्या कामावर होता. तो आज समोर, डाव्या बाजूला, अगदी कडेला बसला आहे. यल्लाप्पा, जरा पुढे सरक, बाबा.

चित्र टांगले त्या दिवशी गुणाबाई आल्या. बराच वेळ उभ्या राहिल्या. मष्णूराव तिथेच होते. मी माझ्या कानांनी ऐकलेले सांगतो.

"मष्णूअण्णा, ह्यो पाजवतोय त्यो कोण रं?"

"आपला यल्लाप्पा, आक्का."

"पाणी पडलं म्हण की पोराच्या तोंडात."

"पडलं. दोन घोट गिळलं बी. म्या समोर हुतो."

"तू बघितलास?"

"बघितल्याबिगर मी काढत न्हाय, आक्का."

त्यांनी चित्रातल्या मगाला हात लावला आणि तोच हात डोळ्यांना लावला. त्या संध्याकाळपासून उंबऱ्यावरचा तांब्या बंद झाला. सभ्य गृहस्थहो, ज्या मातेचे सांत्वन माझ्या साऱ्या निरूपणाने झाले नव्हते, ते एका कापडाने केले.

यानंतरचे सांगताना जीभ जड होते.

मी नंदगडला सप्ताहासाठी गेलो होतो. मष्णूराव काही कामासाठी बेळगावात होते. तेवढ्यात कमिटीने संकेश्वरहून दुकानांच्या पाट्या रंगवणारा एक रंगारी आणवला. त्याने यल्लाप्पाच्या जागी एक निशाण फडकवले. पाण्याचा मग पुसून शामूच्या हातात बंदूक दिली. मिटलेले डोळे उघडले. पाण्यासाठी उघडलेले तोंड मिटवून त्यावर झुपकेदार मिशी काढली. शामूला मिशी अजून फुटायची होती, हे आपण सारेच जाणतो.

मी परतलो, पाहिले, आणि अध्यक्षांना विचारले. मल्लाप्पाण्णा, आपण दिलेले उत्तर मी आपल्यासमोरच सांगतो, चुकले तर थांबवा. आपण म्हणालात, "शास्त्रीबुवा, तुमच्यासाठीच केलं की हे. तुम्ही म्होरं बसून पुराण सांगणार, आणि मागं त्यो यल्ल्या आपल्या पोराला पाणी पाजवतोय. तुम्हांस्नी चाललं असतं व्हय?"

मी विचारले, "मला आधी विचारले का नाही?"

आपण म्हणालात, "त्यात इचारायचं काय हाय?"

अध्यक्षमहाराज, आपला त्यात दोष नाही. इतकी वर्षे या गावाने माझ्या तोंडून पुराण ऐकले. हरिश्चंद्र ऐकला, प्रल्हाद ऐकला, गजेंद्राचा मोक्ष ऐकला. एवढे ऐकून गावाला माझ्याविषयी एकच गोष्ट निःशंकपणे ठाऊक झाली, ती ही, की यल्लाप्पाच्या हातचे पाणी मला चित्रातसुद्धा चालणार नाही. ती इतकी ठाऊक, की विचारायचीसुद्धा गरज उरली नाही. यापेक्षा मोठी शरम पुराणिकाला कोणती असू शकते? मला विचारले असते आणि मी होकार दिला असता, तर तो निदान माझा एक अपराध ठरला असता. इथे अपराध करायलाही मी लागलो नाही. माझे नावच पुरले.

मष्णूराव बेळगावहून आले. मंडपात गेले, चित्र पाहिले. एवढेच म्हणाले, "मिशी बरी काढलीया." आणि बाहेर आले. मी त्यांच्या मागे गेलो. वरचा रंग निघेल का, असे विचारले. ते म्हणाले, "बुवा, वरचा तेलाचा, खालचा सरसाचा. वरचा घासाय गेलं तर खालचा भुकटी हून आधी जातोय." ज्या रेखाटनावरून त्यांनी चित्र काढले, ते नंतर सरकारजमा झाले होते. मी म्हणालो, "मग आठवून पुन्हा काढा." त्यांनी मान हलवली. "आठवून काढलं तर मी बी मला बरं वाटंल तसंच काढणार. मग त्या संकेश्वरच्या रंगाऱ्यात आणि माझ्यात फरक काय ऱ्हायला?"

मी यल्लाप्पाकडेही गेलो होतो. त्या वस्तीत माझे पाऊल त्या दिवशी प्रथम पडले. त्याने घोंगडे अंथरले, मी बसलो. राग आला का, असे विचारले. तो म्हणाला, "राग कशाचा, बुवा. आमास्नी देवळात कवाच जाता आलं न्हाय. आमचं चित्र तेवढं गेलतं आत. त्येबी भायेर आलं, आता सगळी एका जागी हाओत." आणि तो हसला. मला हसता आले नाही.

गुणाबाईंना कोणी सांगितले नव्हते. त्या दर सोमवारी येत, तशा आल्या. चित्रासमोर उभ्या राहिल्या. मग माझ्या ओट्यावर आल्या. म्हणाल्या, "बुवा, ह्यो माझा शामू न्हवं. असू दे. खरं त्याला पाणी पाजवणारा कुठं गेला?" पुढे म्हणाल्या, "पंच म्हणत्यात, त्याच्या हातचं पाणी पोचतच न्हाय, म्हणून काढून टाकलं. तुम्ही शिकल्यालं हाईसा. तुम्हीच सांगा. पोचलं का न्हाय पोचलं?"

मी म्हणालो, "बघून सांगतो."

बघून सांगतो. जणू ते कुठल्या पानावर शोधायचे होते. त्या दिवसापासून त्यांच्या उंबऱ्यावर पुन्हा तांब्या दिसतो, आणि मी पलीकडच्या गल्लीने जातो.

गुणाबाई, आपण इथे आहात. आपल्याला एकांतात उत्तर देण्याचा अधिकार मी गमावला आहे, म्हणून सभेत देतो. मी रोज तर्पण करतो. त्यात ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत सर्वांना पाणी देतो. ज्यांचे कुळ ठाऊक नाही, ज्यांना पाणी द्यायला कोणी उरले नाही, त्यांनाही देतो. माझ्या ओंजळीतले पाणी कोणाकोणाकडे जाते, हे मी कधी विचारले नाही. मग तहानेने व्याकूळ झालेल्या पोराने, पाणी देणारा हात कोणाचा, हे का विचारावे? आणि त्याने विचारले नाही, तर आपण विचारणारे कोण? शास्त्र जेवढे मला कळले तेवढे स्मरून, आणि ज्या दैवताची सेवा केली त्याला साक्षी ठेवून सांगतो. आक्का, पाणी पोचले. यल्लाप्पाच्या हातचे पाणी आपल्या शामूला पोचले.

मंडपातल्या त्या चित्राचे काय करायचे, ते कमिटीने ठरवावे. ते तिथे आहे तोवर मी त्याच्यासमोर पुराणाला बसणार नाही.

मष्णूराव, आपल्याला शाल आणि श्रीफळ अध्यक्षांच्या हस्ते अर्पण होणार आहे. आपण ते घेतले तर आमच्यावर उपकार होतील. न घेतले तर कोणी मनाला लावून घेऊ नये, अशी माझी सभेला विनंती आहे. कोल्हापूरच्या मुलांना रंग, रेषा शिकवाल तेव्हा त्यांना हेही शिकवा की पाहिलेले काढावे, आणि काढलेले पाहण्याची ताकद लोकांना असतेच असे नाही. आपले गाव त्याचे उदाहरण म्हणून खुशाल सांगा.

सुभेदारसाहेब दूरवरून आले, अध्यक्षांनी शांतपणे ऐकून घेतले, शाळेच्या गुरुजींनी सतरंज्या घातल्या, आपण सर्वांनी एवढा वेळ दिला, याबद्दल मी ऋणी आहे. वृद्धापकाळामुळे शब्द मागेपुढे झाले असतील, ते सभेने पोटात घालावे. जे पुसले गेले त्याची क्षमा मात्र सभेकडे मागायची नसते. ती यल्लाप्पाकडे आणि गुणाबाईंकडे मागतो, आणि ती आजच मिळावी असा हट्ट धरत नाही. आता व्यासपीठावरच्या खुर्चीत परत न जाता मी खाली, सतरंजीच्या डाव्या कडेला बसायला जातो आहे. अध्यक्षमहाराज, तेवढी आगळीक आपण मला माफ करावी.