नदीचा तळ

तज्ज्ञ साक्षीदार म्हणून चंद्रपूरच्या कोर्टात मी एकदाच उभा राहिलो. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो तेव्हा. कारखान्याच्या सांडपाण्यानं मासे मेले म्हणून नदीत मासे धरणाऱ्या ढिवरांनी दावा लावला होता. त्यांच्यातल्याच यसाबाईच्या डोंग्यातून, म्हणजे छोट्या नावेतून, धुक्यात, मी पाण्याचे नमुने घेतले होते. ती सकाळ अजूनही डोळ्यांपुढे तरंगते.

कारखान्याच्या वकिलानं विचारलं, "नदी आधीपासूनच गढूळ नव्हती कशावरून?"

माझ्या बाटल्यांत फक्त त्या सकाळचं पाणी होतं.

मग न्यायाधीशांनी यसाबाईला विचारलं. ती खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाली, "साहेब, माही मोठी पोरगी डोंग्यात बसून तळाचे गोटे मोजे. लहानीनं तळ पाह्यलाच नाई."

"वय काय दोघींचं?" वकिलानं मधेच विचारलं.

"मोठी बारा, लहानी पाच."

कारखान्याला सहा वर्षं झाली होती. वकील कागद आवरून खाली बसला.